मासळीला शेतीचा दर्जा, पण समुद्राचे काय?

२०१९पर्यंत देशाच्या मासेमारीचा कारभार कृषी मंत्रालयाच्या पोटात चालत होता. त्या वर्षी मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय यांचे स्वतंत्र मंत्रालय झाले आणि २०२०मध्ये २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. २०२४-२५पर्यंत २२० लाख टन उत्पादन आणि एक लाख कोटींची निर्यात, असे तिचे लक्ष्य होते. मंत्रालयाची दिशा या दोन आकड्यांतच दिसते. मासळी म्हणजे पीक, आणि पीक वाढवायचे.

ते वाढलेही. २०१३-१४मध्ये सुमारे ९६ लाख टन असलेले उत्पादन २०२३-२४मध्ये १८४ लाख टनांवर गेले. ही वाढ मुख्यतः तळ्यांतली आहे: रोहू, कटला आणि आंध्रच्या किनारपट्टीतली व्हनामी कोळंबी. २०२३-२४च्या ६०,५२३ कोटींच्या निर्यातीत दोन तृतीयांश वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा होता. समुद्रातली पकड मात्र कोविडची वर्षे वगळता केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मोजणीत ३५ ते ४० लाख टनांच्या आसपासच घुटमळते आहे. तळ्यात बीज सोडता येते, खाद्य घालता येते. समुद्रात पेरणी नाही, फक्त काढणी आहे. म्हणून तळ्यासाठी आखलेले धोरण समुद्राला लागू पडत नाही.

महाराष्ट्राने एप्रिल २०२५मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांत मच्छीमाराला शेतकऱ्याच्या बरोबरीने सवलत मिळणे न्याय्यच आहे, तो निर्णय फार आधी व्हायला हवा होता. पण स्वस्त कर्जाने बोट येते, मासा येत नाही. २०१९मध्ये राज्याची सागरी पकड २.०१ लाख टनांवर घसरली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या हंगामात वादळांनी बोटी बंदरात अडकल्या हे खरे, पण घसरणीची मुळे त्याहून खोल आहेत.

ती पाहायची तर पर्ससीन जाळ्याचे काम पाहावे. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा दिसला की बोट त्याभोवती जाळ्याचा वेढा टाकते, मग तळाच्या कड्यांतून ओवलेली दोरी खेचली जाते आणि जाळे खालून बंद होते. थव्यातले काही सुटत नाही. त्यात रात्री एलईडीचा झोत पाण्यात सोडला की मासळी आपणहून गोळा होते. मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढणाऱ्या वीस-तीस माणसांच्या वाट्याला मग उरलेसुरले येते. पर्ससीनबाबतच्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ला पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी आणली, २०२१मध्ये राज्याच्या कायद्यातला दंडही जबर वाढला. तरी रात्री समुद्रात दिवे लागतात, असे किनाऱ्यावरचा कोणताही तांडेल सांगेल. कारण १२ सागरी मैलांपर्यंत हद्द राज्याची आणि पुढे केंद्राची. गस्तीनौका दिसली की बोट रेषेपलीकडे.

नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राने या १२ मैलांपलीकडच्या अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम आणले. यांत्रिक बोटींना परवाना-पास, एलईडी मासेमारीला आणि दोन बोटींनी जोडीने ट्रॉलिंग करायला मनाई, मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य. मला ही दिशा टनांच्या लक्ष्यापेक्षा कितीतरी मोलाची वाटते. ती जमिनीवर नव्हे, पाण्यावर उतरली पाहिजे आणि त्यासाठी राज्य व केंद्राची गस्त एकच हवी.

जाळ्यात माशांची पिल्लेही सापडतात, तो प्रश्न मात्र गस्तीने सुटणार नाही. राज्याने सप्टेंबर २०२३मध्ये सरंग्याला, म्हणजे पापलेटला, राज्यमासा ठरवले आणि ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. पण डोल जाळे भरतीओहोटीच्या प्रवाहात रोवून ठेवलेले असते. टोकाशी त्याचे आस, म्हणजे जाळ्याची छिद्रे, इतके बारीक होतात की बोंबील-जवळ्याबरोबर सरंग्याची पिल्लेही येतात, आणि बोटीवर येईपर्यंत ती मेलेली असतात. मोठ्या आसाचे जाळे घेतले तर पहिल्या एक-दोन हंगामांत घरची पकड घटते. ती तूट कोणी भरायची? पावसाळ्यातल्या ६१ दिवसांच्या बंदीसाठी मत्स्यसंपदेतून तीन महिन्यांना मिळून ४,५०० रुपये मिळतात, त्यातले १,५०० मच्छीमाराने स्वतःच भरलेले. खलाशाच्या घरात एवढ्यावर महिनाही निघत नाही. पुढच्या योजनेत जेट्टी आणि शीतगृहांच्या आधी या रकमेची ओळ बदलावी, आणि जाळे बदलणाऱ्याला दोन हंगामांची तूट रोख द्यावी.