पुढच्या चाकाची घरघर आणि रॅफल्स प्लेसचा मिस्त्री



संध्याकाळचे साडेसहा. रॅफल्स प्लेस स्टेशनवर नेहमीची झुंबड, आणि फोनवर ओतूरहून धाकटा भाऊ. तिकडे चार वाजलेले. "दादा, पिकअपच्या पुढच्या चाकाचा आवाज लई वाढलाय. रात्री टोमॅटो भरून माळशेज उतरायचाय. जाऊ का नको?"

मला घाम फुटला, कारण आठ दिवसांपूर्वी त्याने हेच विचारलं होतं आणि मी एसीत बसून निकाल दिला होता: "टायर उंचसखल झिजला असेल रे, महिनाभर काही होत नाही." इंजिनियरिंगची डिग्री आहे ना! त्याने बिचाऱ्याने विश्वास ठेवला. पण तो माझ्यापेक्षा शहाणा. त्याने पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून पाहिले. आवाज टायरचा असता तर तोही मागे गेला असता. तो होता तिथेच राहिला. फुकटात झालेल्या या एका टेस्टने माझं निदान खोटं ठरवलं.

मग मी शहाणपणा बाजूला ठेवून नुसते प्रश्न विचारले. वेग वाढला की घरघर वाढते का? हो, चाळीसच्या पुढे. चालत्या गाडीत क्लच दाबला की कमी होते का? नाही. म्हणजे इंजिन सुटलं. ब्रेक दाबल्यावर बदलते का? नाही. म्हणजे पॅड बहुतेक नाहीत. वळताना कटकट असा आवाज येतो का? नाही, सलग घूंऽऽ असाच.

"कुठल्या बाजूने येतो?" "उजवीकडून, माझ्या पायापाशी." इथे कान फसवतो. आवाज चासीतून फिरत केबिनमधे येतो. म्हणून मोकळ्या सरळ रस्त्यावर, रिकाम्या गाडीने, मध्यम वेगात हलकंसं डावी-उजवीकडे वळवून बघायला सांगितलं. गाडी उजवीकडे वळली की भार डाव्या चाकांवर जातो. उजवीकडे वळवताना घरघर वाढली, डावीकडे जवळजवळ थांबली. म्हणजे दोषी डावं चाक!

परत आल्यावर त्याने हबजवळ हात नेला (डिस्कला लावायचा नाही, भाजतं). उजवा कोमट, डावा चटका बसेल इतका गरम. ब्रेक धरून राहिला तरी असं होतं, म्हणून मागच्या चाकांना दगड लावून, जॅकवर उचलून, खाली स्टँड देऊन चाक हाताने फिरवलं. ब्रेक मोकळा होता, पण चाक खरखरत होतं. वर-खाली धरून हलवलं तर हलत होतं. कुणीतरी ब्रेक दाबून धरल्यावर हलायचं थांबलं. तसं थांबलं तर बेअरिंग. न थांबता हलतच राहिलं तर बॉल जॉइंट. डावी-उजवीकडेच हलत असतं तर टाय रॉड बघितला असता.

"जाऊ नको," मी म्हटलं. बेअरिंग घाटात जाम झालं किंवा फुटलं तर चाकच निखळू शकतं, आणि खाली उतरताना मागे भरलेली गाडी. त्याने शेजाऱ्याची गाडी भाड्याने केली. त्या खेपेत हातात काहीच उरलं नाही. त्याबद्दल तो मला एक शब्द बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आळेफाट्याच्या मिस्त्रींनी हब उघडला. आतल्या बेअरिंगच्या कपावर खड्डे, रोलर उष्णतेने निळे पडलेले. पण त्यांनी बोट ठेवलं ग्रीसवर. दुधाळ झालं होतं, म्हणजे पाणी शिरलेलं. सील फाटलं होतं आणि गाडी रोज ओढ्यातून शेतात जाते. नुसतं बेअरिंग बदललं असतं तर पावसाळ्यात पुन्हा हेच. आमच्या भाषेत सर्व्हर रीस्टार्ट करून तिकीट बंद करण्यासारखं :-)

त्यांनी जुने कप पितळी पंचने ठोकून काढले. कोन नवा आणि कप जुना असं कधी करायचं नाही. दोन्ही बेअरिंगच्या रोलरमधे तळहाताने ग्रीस दाबून भरलं, नवं सील बसवलं. नट चाक फिरवत आवळला, मग सैल करून पुन्हा हलक्या हाताने बसवला, आणि नवी स्प्लिट पिन. फार आवळला तर बेअरिंग तापून जळतं, सैल राहिला तर चाक डुगडुगतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमधे असतो. ज्या गाड्यांना बंद हब युनिट असतं तिथे मात्र हे सैल करणं चालत नाही. तिथे पूर्ण युनिट बदलून सांगितलेल्या टॉर्कलाच नट आवळायचा.

शंभर किलोमीटरनंतर दोन्ही हब सारखेच कोमट. त्यानंतर तो माळशेज उतरला.

मंडळी, गावाहून असा फोन आला तर निकाल देऊ नका. आधी टायर बदलून बघायला सांगा, कुठे वळल्यावर वाढतो ते विचारा, आणि दोन्ही हबच्या गरमीत फरक आहे का ते बघायला लावा. फरक असेल तर त्या रात्री गाडी भरू देऊ नका. खेप बुडाली म्हणून तो रुसला तर रुसू द्या.