बाटलीतील आमरीच्या रोपांना निरनिराळ्या रंगांची फुले का येतात ?

दौंड तालुक्यातील केडगावच्या परिसरात कालव्याच्या पाण्यावर मुख्यतः ऊस होतो. तथापि, पुण्याचा गुलटेकडी येथील फुलबाजार फारसा दूर नसल्याने बागाइतदारांचे लक्ष फुलझाडांकडेही असते. जाळीच्या सावलीत आमरी, म्हणजेच ऑर्किड, लावू इच्छिणाऱ्यांनी एक गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. एकाच बाटलीतून निघालेल्या सर्व रोपांना एकाच रंगाची फुले येतीलच, असे नाही. बाटलीतून काढलेले रोप फुलावर येण्यास बहुधा दोन-तीन वर्षे जातात; म्हणजे चूक कळेपर्यंत खर्च होऊन गेलेला असतो.

बाटलीची आवश्यकता

आमरीचे बी धुळीसारखे बारीक असून त्यात अंकुराच्या पोषणाचा साठा नसतो. रानात ते विशिष्ट बुरशीच्या साहाय्याने रुजते. साखर व क्षार यांच्या निर्जंतुक खाद्यावर ते बुरशीवाचूनही रुजते, असे अमेरिकेतील नडसन यांनी १९२२ साली दाखविले. पुढे १९६० साली फ्रान्समधील मोरेल यांनी कोंबाच्या टोकापासून रोपे करण्याची रीत प्रसिद्ध केली. आज बाटलीत दोन्ही प्रकारची रोपे मिळतात व ती दिसण्यात सारखीच असतात.

रंगभेदाचे कारण

संकरित झेंडूचे घरी धरलेले बी पेरल्यास पुढील पिकात फुलांची मिसळ होते, हा अनुभव अनेकांस आहे. बाजारातील बहुतेक आमरी संकरितच असल्याने त्यांच्या बियांतही मातापित्यांचे गुण निरनिराळ्या प्रकारे वाटले जातात. कधी पांढऱ्या फुलांच्या दोन झाडांच्या संकरातून जांभळ्या फुलांची संतती निपजते. रंगद्रव्य तयार होण्यास एकाहून अधिक गुणघटक लागतात. एका झाडात एक व दुसऱ्यात दुसरा घटक उणा असल्यास संकरात ती उणीव परस्पर भरून निघते. याउलट, कोंबापासून केलेली रोपे मूळ झाडासारखीच असतात. त्यांत क्वचितच एखादे वेगळे निघते.

दोष वाणाचा की हवामानाचा ?

कडक उन्हाळ्यात जांभळा व गुलाबी रंग फिका पडतो. सर्वच झाडांची फुले एकाच वेळी फिकी झाल्यास उष्णता हे कारण समजावे व थंडीच्या बहरात पुन्हा पाहणी करावी. शेजारशेजारची झाडे प्रत्येक बहरात वेगवेगळा रंग देत असल्यास तो भेद आनुवंशिक होय. तो खताने अथवा औषधाने जात नाही.

बागाइतदारांनी काय करावे ?

१. रोपे बियांपासूनची की कोंबापासूनची, हे विक्रेत्याकडून पावतीवर लिहून घ्यावे.

२. दांड्यांच्या विक्रीसाठी एकसारखा माल लागतो. त्याकरिता कोंबापासूनचीच रोपे घ्यावीत.

३. बियांपासूनची रोपे असल्यास प्रत्येक कुंडीस क्रमांक द्यावा व पहिल्या फुलाचा रंग वहीत नोंदवावा.

४. उत्तम झाडाची वाढ पुन्हा बियांपासून न करता फुटवे वेगळे करून, अथवा डेंड्रोबियमच्या कांडांवर येणारी मुळे फुटलेली पिल्ले लावून करावी.

५. मिश्र रंगांची झाडे टाकून न देता फुलासह कुंडीत विकावीत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपांच्या खरेदीपूर्वीच ही माहिती बागाइतदारांस द्यावी. फुले आल्यानंतर दिलेला सल्ला गेलेली वर्षे परत आणू शकत नाही.