खडकाची साक्ष काढणारे वर्ष

दक्षिण आफ्रिकेत विज्ञानाची पदवी तीन वर्षांत पूर्ण होते आणि तिच्यानंतर येणारे ‘ऑनर्स’चे एक वर्ष त्या पदवीचा भाग नसून स्वतंत्र पदव्युत्तर पदवी म्हणून ओळखले जाते. या वर्षाच्या 120 श्रेयांकांपैकी किमान 30 श्रेयांक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या संशोधन प्रकल्पासाठी राखलेले असतात आणि एम.एस्सी.चा मार्ग याच वर्षातून जातो. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यासाठी मात्र या वर्षाचे महत्त्व उच्च शिक्षणाच्या एका पायरीहून अधिक आहे, कारण 2003 च्या नैसर्गिक विज्ञान व्यवसाय कायद्यानुसार व्यावसायिक भूवैज्ञानिक म्हणून नोंदणी हवी असेल, तर चार वर्षांच्या तोडीचे शिक्षण आणि त्यानंतरचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

या शिक्षणाचा उगम खाणीत आहे. किंबर्ली येथे हिऱ्यांच्या खाणींच्या सान्निध्यात 1896 मध्ये खाणकामाचे विद्यालय सुरू झाले. विटवॉटर्सरँडच्या डोंगररांगेत 1886 मध्ये सोने सापडल्यापासून उद्योगाचा गुरुत्वमध्य जोहान्सबर्गकडे सरकला होता. त्यामुळे 1904 मध्ये ते विद्यालयही तिकडे हलले आणि त्यातूनच 1922 मध्ये आज ‘विट्स’ या नावाने ओळखले जाणारे विद्यापीठ उभे राहिले. देशाची भूवैज्ञानिक संस्था 1895 मध्ये, म्हणजे विद्यालयाच्याही एक वर्ष आधी, स्थापन झाली होती. खडकाचे ज्ञान आणि खडकातून मिळणारा पैसा यांचा हा जुना संबंध आजही अभ्यासक्रमाच्या प्रत्येक भागात जाणवतो.

विद्यार्थ्याला लाभणारी भूमीही असाधारण आहे. स्वाझीलँडच्या, म्हणजे आजच्या एस्वातिनीच्या, सीमेलगत बार्बरटनच्या डोंगरांत सुमारे 350 ते 320 कोटी वर्षांपूर्वीचे खडक उघडे पडलेले आहेत. तेथील मॅग्नेशियमने समृद्ध अशा अतितप्त लाव्ह्यापासून बनलेल्या खडकाला मॉरिस आणि रिचर्ड फिल्यून या बंधूंनी 1969 मध्ये कोमाटी नदीवरून ‘कोमाटीआइट’ हे नाव दिले. उत्तरेकडे बुशवेल्ड संकुल आहे; सुमारे 205 कोटी वर्षांपूर्वी भूकवचात शिरलेला शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, तेथे थराथरांनी थिजला आणि त्यातील ‘मेरेन्स्की रीफ’ या पातळ थराने 1924 नंतर प्लॅटिनमच्या बाजाराचे रूप पालटून टाकले. देशाच्या मध्यभागी पसरलेल्या कारू खोऱ्याच्या माथ्यावर, लेसोथोच्या उंच पठारावर, सुमारे 18 कोटी 30 लक्ष वर्षांपूर्वीच्या बेसाल्टचे थर आहेत. सह्याद्रीचा बेसाल्ट त्यांच्याहून बराच तरुण, सुमारे 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीचा असला, तरी एकावर एक रचलेल्या लाव्हाप्रवाहांची ती पायऱ्यापायऱ्यांची ठेवण महाराष्ट्रातल्या अभ्यासकाला परकी वाटत नाही. दोन्ही भूभाग एके काळी गोंडवन या एकाच महाखंडाचे घटक होते.

पहिल्या तीन वर्षांत विद्यार्थी खडक ओळखायला शिकतो, तर ऑनर्सच्या वर्षात आपल्या ओळखीचा पुरावा द्यायला शिकतो. हा फरक वरवर लहान दिसला, तरी सारे वर्ष त्याच्याभोवती फिरते. नेमून दिलेल्या प्रदेशाचा नकाशा त्याला स्वतः तयार करावा लागतो. थर कोणत्या दिशेला व किती अंशांनी कलला आहे, म्हणजे त्याची नती किती आहे, हे होकायंत्र आणि कोनमापकाने मोजून नोंदवावे लागते. विंधनातून बाहेर काढलेल्या दंडगोल नमुन्याची, म्हणजे ‘कोअर’ची, इंचाइंचाने पाहणी करून खडकाचा प्रकार, कणांचा आकार, भेगा आणि थरांच्या सीमा लिहाव्या लागतात. या नोंदीत डोळ्यांना काय दिसले आणि मनाने त्यावरून काय ठरवले हे वेगळे ठेवण्याचा आग्रह धरला जातो, कारण अर्थ उद्या बदलू शकतो, परंतु निरीक्षणच अर्थाच्या रंगात बुडालेले असेल, तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती तपासण्याजोगे काहीच उरत नाही.

या शिस्तीची खरी कसोटी लागते ती ‘थिन सेक्शन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पातळ छेदात. हिऱ्याच्या करवतीने खडकाची चकती कापतात, तिची एक बाजू घासून सपाट करतात, ती काचपट्टीवर राळेने चिकटवतात आणि मग दुसरी बाजू कार्बोरंडमच्या भुकटीवर घासत घासत छेदाची जाडी 0.03 मिलिमीटरवर, म्हणजे माणसाच्या केसाहून कमी, आणतात. एवढ्या जाडीला काळा दिसणारा बेसाल्टही बहुतांशी पारदर्शक होतो. हेन्री क्लिफ्टन सॉर्बी या इंग्रज अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही पद्धत भूविज्ञानात रुजवली आणि घासणारी यंत्रे कितीही सुधारली, तरी तिचा गाभा तोच राहिला आहे.

या छेदाची जाडी ठरवण्याची रीत विलक्षण आहे. प्रकाशाचे कंपन एकाच प्रतलात आणणाऱ्या साधनांना ध्रुवक म्हणतात. असे दोन ध्रुवक एकमेकांशी काटकोनात ठेवले, की सूक्ष्मदर्शकात अंधार होतो. त्यांच्यामध्ये खनिजाचा छेद ठेवला, तर बहुतेक स्फटिक प्रकाशाचे वेगवेगळ्या वेगांच्या दोन किरणांत विभाजन करतात आणि त्या किरणांतील फरकातून रंग उमटतात. हे रंग खनिजाच्या जातीवर अवलंबून असतात, तसेच छेदाच्या जाडीवरही. म्हणूनच खनिज ओळखायचे तर जाडी ठाऊक हवी आणि जाडी तपासायची तर एखादे खनिज आधी ओळखीचे हवे. क्वार्ट्झ योग्य जाडीला करडे ते पांढरे दिसते. त्यावर पिवळी छटा असेल, तर छेद अजून जाड आहे. बुशवेल्डच्या पुष्कळ खडकांत क्वार्ट्झ नसते, तेव्हा हीच कामगिरी प्लॅजिओक्लेज फेल्स्पारकडे येते. छेद घासणारा तंत्रज्ञ पुनःपुन्हा काचपट्टी उचलून रंग पाहतो, पुन्हा घासतो आणि योग्य क्षणी थांबतो. त्या क्षणाच्या पुढे गेला, तर नमुना काचेवरून नाहीसा होतो. नकाशा, प्रबंध आणि सिद्धांत या सर्वांचा आधार अखेर त्याच्या हाताच्या या संयमावर असतो, परंतु प्रबंधाच्या आभारांतील एका ओळीपलीकडे त्याची दखल क्वचितच घेतली जाते.

सोने, पायराइट आणि प्लॅटिनमधारी सल्फाइडे यांच्यातून मात्र प्रकाश आरपार जात नाही. त्यांच्यासाठी नमुन्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत करून परावर्तित प्रकाशात पाहावा लागतो. विटवॉटर्सरँडच्या पिंडाश्मात, म्हणजे गोट्यांच्या एकत्र घट्ट झालेल्या खडकात, असे पाहिले असता पायराइटचे आणि युरेनिनाइट या युरेनियमच्या खनिजाचे गोलसर कण दिसतात. ते प्राचीन नद्यांनी वाहून आणताना घासले गेले असतील, तर सोनेही त्यांच्याबरोबरच आले असावे आणि त्या काळच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नसावा, कारण एरवी ही खनिजे पाण्यात टिकली नसती. दुसऱ्या पक्षाच्या मते सोने नंतर आलेल्या उष्ण द्रवांनी खडकात आणले; आणि आज अनेक अभ्यासक असे मानतात, की सोने मुळात नदीने आणले व नंतरच्या द्रवांनी ते काही अंशी हलवले. दोन्ही बाजूंचे पुरावे एकाच छेदात शोधणे आणि निष्कर्षाची घाई न करणे, ही या वर्षाची सर्वांत मोलाची देणगी म्हणावी लागेल.

या सवयीचे मोल व्यवहारातही आहे. इंडोनेशियातील बुसांग येथे नमुन्यांत सोने मिसळून उभा केलेला फसवणुकीचा डोलारा 1997 मध्ये कोसळला आणि त्यानंतर खनिजसाठ्यांच्या अहवालांचे नियम जगभर कडक झाले. दक्षिण आफ्रिकेच्या संहितेनुसार असा अहवाल अनुभवी, नोंदणीकृत आणि व्यावसायिक शिस्तीला बांधलेल्या ‘सक्षम व्यक्ती’ने स्वतःच्या जबाबदारीवर तयार करावा लागतो.

अशी जबाबदार माणसे घडवणाऱ्या या वर्षाची वाट मात्र सर्वांसाठी सारखी खुली नव्हती आणि आजही ती सोपी नाही. 1959 च्या कायद्याने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना विट्ससारख्या विद्यापीठांत मंत्र्यांच्या परवानगीशिवाय प्रवेश मिळेनासा झाला. खाणीतील कौशल्याची कामे त्याआधीच, 1926 च्या कायद्याने, प्रामुख्याने गोऱ्यांसाठी राखून ठेवली होती. स्त्रियांना भूमिगत खाणकामाची कायदेशीर मनाई होती, ती 1996 च्या खाण आरोग्य व सुरक्षा कायद्याने उठली. कायदे गेले, तरी अनेक पिढ्यांची पोकळी त्यामुळे लगेच भरून येत नाही.

त्या पोकळीच्या तोंडाशी आता पैशाचा प्रश्न उभा आहे. शासनाची विद्यार्थी अर्थसाहाय्य योजना मुख्यतः पहिल्या पदवीसाठी आहे. त्यामुळे घरात प्रथमच पदवीपर्यंत पोहोचलेला विद्यार्थी नेमका त्या टप्प्यावर आधाराविना उरतो, जिथे व्यवसायाचे दार उघडते. राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या आणि खाणकंपन्यांच्या शिष्यवृत्त्या आहेत, परंतु कंपन्यांची उदारता धातूंच्या भावाबरोबर चढते-उतरते. सोन्याचे उत्पादन 1970 मध्ये सुमारे 1000 टनांपर्यंत गेले होते, ते आता त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास आहे. कित्येक उथळ खाणी संपल्या असून चालू असलेल्या काही खाणी जवळजवळ 4 किलोमीटर खोल गेल्या आहेत. भूवैज्ञानिकाची गरज त्यामुळे संपलेली नाही. भूजल, बंद खाणींतून झिरपणारे आम्लयुक्त पाणी आणि खचणारी जमीन हे प्रश्न त्याचीच वाट पाहत आहेत, पण या कामांसाठी शिष्यवृत्ती देणारा धनिक पुढे येत नाही.

भारतातही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार पदवीचे चौथे वर्ष संशोधनासह ‘ऑनर्स’ म्हणून येत असल्याने हा अनुभव महाराष्ट्रासाठी दूरचा राहिलेला नाही. चौथे वर्ष वेळापत्रकात घालणे सोपे आहे. विद्यार्थ्याला स्वतःचा नकाशा करण्यासाठी डोंगरात पाठवणे, त्याचा छेद घासणारा तंत्रज्ञ पगारावर ठेवणे आणि गरीब घरातल्या मुलामुलींना ते वर्ष पुरे करण्याइतका पैसा देणे महाग आहे. या तीन गोष्टींवर खर्च करण्याची तयारी नसेल, तर त्या वर्षातून ऑनर्सचे प्रमाणपत्र मिळेल, परंतु आपल्या शब्दाची जबाबदारी घेणारा भूवैज्ञानिक मिळणार नाही.