आजीला मुलं किती? एका साध्या प्रश्नाची चार उत्तरं



मागच्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली होती: "सिनॉप्सिसमध्ये व्हेरिएबल्सची व्याख्या इतकी सविस्तर का लिहायला लावतात? 'मुलांची संख्या' यात व्याख्या करण्यासारखं काय आहे?" मलाही पहिल्या वर्षी असंच वाटायचं. या प्रश्नाचं उत्तर मला गाइडकडून मिळालं नाही, ते आमच्या घरी सातारा जिल्ह्यात चुलीपुढे मिळालं. आजीला विचारूनच हे लिहितेय.

माझी पीएचडी वय वाढण्याच्या जीवशास्त्रावर आहे. प्रश्न थोडक्यात असा: जास्त बाळंतपणं झालेल्या स्त्रीचं शरीर लवकर म्हातारं होतं का? दिवाळीला घरी गेले तेव्हा प्रश्नावलीचा कच्चा मसुदा सोबत होता. म्हटलं, आजीवर सराव करून बघू. आजी आता चौऱ्याऐंशीची आहे.

"आजी, तुला मुलं किती?"

"पाच हायती की. तुला ठावं न्हाई व्हय?"

भाकरी थापता थापता आई म्हणाली, "आत्याबाई, थोरले भावजी धरून सहा." थोरले काका मी शाळेत असताना गेले. आजी काही बोलली नाही. मी पाच खोडून सहा लिहिलं.

प्रश्न तुकड्यांत विचारला तेव्हा

मग मला राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पद्धत आठवली. त्यात बाईला थेट "मुलं किती" असं विचारून पुढे जात नाहीत. तुमच्याजवळ राहणारे मुलगे किती, मुली किती? दुसरीकडे राहणारे किती? जन्मून नंतर गेलेली किती? आणि बाई "कोणी गेलं नाही" म्हणाली तरी एक प्रश्न उरतो: रडलेलं, किंवा जिवंत असल्याची काही खूण दिसलेली, पण न जगलेलं असं एखादं बाळ होतं का?

मी तसंच विचारत गेले. जन्माची सालं आजीला सांगता येत नाहीत, तिला घटना आठवतात. त्यामुळे कोयनेचा भूकंप (डिसेंबर 1967) आणि बहात्तरचा दुष्काळ या दोन खुंट्यांना आम्ही एकेक बाळंतपण अडकवत गेलो. सर्वेक्षणवालेही असंच करतात, त्याला घटनांचं कॅलेंडर म्हणतात.

भूकंपाच्या आधी एक मुलगी, सव्वा वर्षाची, गोवराने गेली. भूकंप झाला त्याच थंडीत एक मुलगा झाला, तो दोन दिवस होता. मी विचारलं, "रडला होता का?" आजी म्हणाली, "रडला व्हता तर. म्या ऐकलं." दुष्काळात खडी फोडायच्या कामावर असताना तिसऱ्या महिन्यात एक खेप गेली. त्यानंतर झाली ती माझी धाकटी आत्या.

आता हिशोब बघा. हयात मुलं पाच. मोठी होऊन संसाराला लागलेली सहा. जिवंत जन्मलेली आठ. गरोदरपणं नऊ. एकाच बाईबद्दलच्या एकाच प्रश्नाची ही चार उत्तरं आहेत, आणि चारही खरी आहेत.

वही मिटताना मी विचारलं, "आजी, हे कधी सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "कुणी इचारलंच न्हाई."

आता संशोधनाकडे येऊ

या विषयातला पायाभूत विचार 1977 साली टॉम कर्कवूड यांनी मांडला. सोप्या भाषेत सांगायचं तर, शरीराकडे ऊर्जेचं ठरावीक बजेट असतं. प्रजननावर जास्त खर्च झाला की पेशींच्या डागडुजीला कमी उरतं. पगार तेवढाच असताना घरात लग्न निघालं, तर त्या वर्षी गळकं छप्पर तसंच राहतं. त्यातला प्रकार.

हे माणसांत दिसतं का? 1998 मध्ये वेस्टेनडॉर्प आणि कर्कवूड यांनी ब्रिटिश उमराव घराण्यांच्या वंशावळी तपासल्या. खूप जगलेल्या स्त्रियांना मुलं कमी होती, आणि त्यांच्यात निपुत्रिक स्त्रियांचं प्रमाण मोठं होतं, असं त्यांना दिसलं. पेपर 'नेचर'मध्ये आला आणि गाजला.

पुढे लिओनिद गाव्रिलोव्ह आणि नतालिया गाव्रिलोवा यांनी अशा नोंदी दुसऱ्या साधनांशी ताडून पाहिल्या. 'मूल नाही' असं लिहिलेल्या अनेक स्त्रियांना प्रत्यक्षात मुलं होती, ती फक्त नोंदीत नव्हती. वंशावळीची वही पदवी आणि मालमत्ता कोणाकडे गेली हे सांगण्यासाठी लिहिलेली असते. त्या कामाला न लागणारी मुलं, विशेषतः मुली आणि लहानपणी गेलेली, तिच्यातून सहज गळतात. रिकामी जागा म्हणजे शून्य असं धरलं की निष्कर्षच हलतो.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांची अडचण वाटली होती. आजीसमोर बसल्यावर कळलं की आमच्या घराची वहीसुद्धा तशीच आहे.

तीन अभ्यास, तीन मोजण्या

अलीकडचे अभ्यास पेशी तपासतात. त्यातलं एक माप म्हणजे टेलोमिअर, गुणसूत्रांच्या टोकाला असणारं संरक्षक टोपण. पेशी विभागत जाते तसं ते सहसा आखूड होत जातं. (या कामासाठी ब्लॅकबर्न, ग्रायडर आणि शॉस्टॅक यांना 2009 चं नोबेल मिळालं.) आता हे तीन पेपर शेजारी ठेवून बघा.

पहिला, 2016 चा. ग्वाटेमालातल्या काक्चिकेल माया समाजातल्या 75 स्त्रियांचे टेलोमिअर 13 वर्षांच्या अंतराने दोनदा मोजले. जास्त मुलं असलेल्यांचे टेलोमिअर जास्त लांब निघाले. म्हणजे सिद्धांताच्या अगदी उलट.

दुसरा, 2018 चा. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीतल्या 20 ते 44 वयाच्या 1,954 स्त्रिया. मूल झालेल्यांचे टेलोमिअर मूल न झालेल्यांपेक्षा सरासरी 4.2 टक्के आखूड.

तिसरा, तोही 2018 चा. फिलिपिन्समधल्या सेबू इथल्या विशीतल्या 821 तरुणी. प्रत्येक जादा गरोदरपणामागे पेशींचं वय साधारण अर्धं ते दोन वर्षं पुढे गेलेलं दिसलं.

पाठोपाठच्या वर्षांतली ही उलटसुलट उत्तरं. तुमचा पहिला लिटरेचर रिव्ह्यू असेल, तर "याबाबत मतभेद आहेत" असं लिहून पुढे जायचा मोह होईल. मी तेच केलं होतं, आणि गाइडनी लाल पेनाने लिहिलं, "का?"

आता प्रत्येक पेपरच्या पद्धती विभागात जाऊन फक्त एवढंच बघा, की त्यांनी मोजलं काय. माया अभ्यासात *जगलेली मुलं*. अमेरिकेतल्या अभ्यासात *जिवंत जन्म*. सेबूत *गरोदरपणं*. माझी आजी पहिल्या तक्त्यात पाच किंवा सहा, दुसऱ्यात आठ आणि तिसऱ्यात नऊ म्हणून बसली असती.

एवढ्यानेच सगळा फरक पडतो असं मी म्हणत नाही. वयोगट वेगळे आहेत, समाज वेगळे आहेत, एकीकडे दोनदा मोजलंय तर दुसरीकडे एकदाच. पण मोजणीमुळे काय होऊ शकतं ते बघा. समजा, जगलेली मुलं मोजली. माझ्या आजीची पाच आणि नऊ गरोदरपणं. शेजारच्या खात्यापित्या घरातल्या बाईचीही पाच आणि गरोदरपणंही पाचच. तक्त्यात दोघी एकाच रांगेत. शिवाय ज्या घरात अन्न, पाणी, माणसांचा आधार जास्त, त्या घरात मुलंही जास्त जगतात आणि आईचं शरीरही कमी झिजतं. मग "जास्त मुलं, लांब टेलोमिअर" हे नातं मुलांमुळे न येता घरच्या परिस्थितीमुळेही दिसू शकतं. याला कन्फाउंडर म्हणतात. माया अभ्यासाच्या लेखकांनीही, मुलांच्या आईला नातेवाइकांचा आधार मिळतो ही शक्यता स्वतःच मांडली आहे.

उलट्या दिशेचीही एक अडचण आहे. मुळात धडधाकट असणाऱ्या बाईलाच जास्त बाळंतपणं झेपतात. अशा वेळी मुलांमुळे तब्येत आहे, की तब्येतीमुळे मुलं आहेत, हे एकदाच केलेल्या पाहणीतून सांगता येत नाही.

तक्त्यात न आलेल्या बायका

आजीच्या धाकट्या जाऊबाई तिसऱ्या बाळंतपणात गेल्या. आजी त्यांचं नाव अजूनही घेते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माझ्यासमोर बसून उत्तरं द्यायला त्या नव्हत्या. आजच्या वृद्ध स्त्रियांचं सॅम्पल घ्याल, तेव्हा बाळंतपणाने ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं त्या आधीच बाहेर गेलेल्या असतात. उरतात त्या काटक. मग "बघा, पूर्वीच्या बायका आठ-आठ मुलं होऊन ठणठणीत होत्या" हे वाक्य तयार होतं. लग्नाकार्यात ऐकलं असेल तुम्ही. ते वाक्य म्हणजे सर्व्हायव्हरशिप बायस आहे.

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही मुलाखती 15 ते 49 वयाच्या स्त्रियांच्या घेतात. 1992-93 च्या पहिल्या फेरीत देशाचा एकूण जननदर 3.4 होता, 2019-21 च्या पाचव्या फेरीत तो 2.0 झाला, महाराष्ट्रात तर 1.7. म्हणजे आठ-नऊ खेपांची ती पिढी आता संपत चालली आहे, आणि जी आहे ती या प्रश्नांच्या वयोमर्यादेच्या पलीकडे गेलेली आहे. विचारायचं असेल तर आत्ताच.

तुमच्या कामासाठी

तुमचा विषय वेगळा असेल, पण या गोष्टी उपयोगी पडतील.

1. मुख्य व्हेरिएबल दोन ओळींत लिहा आणि विचारा: हे वाचून दोन माणसं दोन वेगळे आकडे लिहू शकतील का? शकत असतील, तर व्याख्या अपुरी आहे.
2. पेपर वाचताना निष्कर्षाआधी पद्धती वाचा. दोन पेपर भांडत असतील, तर आधी दोघांनी एकच गोष्ट मोजली आहे का ते बघा.
3. रिकामी जागा आणि शून्य यांना वेगळे कोड द्या. एक्सेलमध्ये दोन्ही सारखेच भरले की नंतर वेगळे करता येत नाहीत.
4. चूक सगळ्यांची सारखी आहे की ठरावीक लोकांचीच आहे, हे तपासा. ज्यांची मुलं गेली त्याच बायका कमी आकडा सांगत असतील, तर सॅम्पल कितीही मोठं करा, ती चूक जाणार नाही.
5. प्रश्नावली आधी ओळखीच्या माणसावर वापरा. आणि प्रश्न कुठे दुखतो हे कळलं, की तिथे थांबायची जागा ठेवा. संमतीपत्रावर अंगठा घेतला म्हणजे काम झालं असं नाही. मी त्या संध्याकाळी भूकंपानंतर वही बंद केली होती, दुष्काळाचं दुसऱ्या दिवशी विचारलं.

शेवटचा प्रश्न

दुसऱ्या दिवशी निघताना मी आजीला सरळच विचारलं, "एवढ्या बाळंतपणांनी तू लवकर म्हातारी झालीस, असं वाटतं का तुला?"

तिने थोडा विचार केला. "पोरांनी काय म्हातारं केलं न्हाई गं. पाण्यानं केलं. नदीवरनं दिसाला आठ खेपा, डुईवर दोन हंडं. पोटुशी असताना बी."

आजीचं म्हणणं हा पुरावा नव्हे, हे मला माहीत आहे. पण माझ्या सव्वीस पानी प्रश्नावलीत पाणी कुठून आणायचात, किती लांबून, हे कुठेच नव्हतं. आता आहे. मुलांच्या संख्येच्या रकान्याचे चार रकाने झाले आहेत, त्यांच्या पुढे पाण्याचे दोन. सुधारित प्रश्नावली पुढच्या आठवड्यात एथिक्स कमिटीकडे जाईल.

आजीने जाताना एकच विचारलं, "त्या दोन दिसाच्याचं बी लिवलंस न्हवं?"

लिहिलं, आजी. आठव्यात तो धरलाय.