कोळशाच्या पोटातली जागा

पाण्याच्या शुद्धीकरणाचा धडा शिकवताना आपण एकावर एक ठेवलेल्या मडक्यांची गाळणी फळ्यावर काढतो. एका मडक्यात खडी, दुसऱ्यात वाळू, तिसऱ्यात लाकडी कोळसा. खडी आणि वाळू कशासाठी, हे मुलांना सहज पटते. पण एखादी मुलगी विचारते, ‘‘सर, कोळसा तर काळा. तो पाणी स्वच्छ कसा करील?’’ यावर पुष्कळदा उत्तर मिळते, ‘‘कोळसा जंतू मारतो.’’ हे उत्तर चुकीचे आहे. शिवाय ते वहीत राहत नाही, घरातल्या आणि शाळेतल्या पिण्याच्या पाण्यापर्यंत पोचते. म्हणून खरे उत्तर नीट पाहू.

अडवणे आणि धरून ठेवणे

गढूळ पाण्यातला गाळ वाळूच्या फटींमध्ये अडकतो. पण पाण्यात विरघळलेला रंग किंवा वास देणारा पदार्थ रेणूंच्या रूपात असतो. इतके लहान रेणू वाळूतून सरळ निघून जातात. कोळसा मात्र त्यांना आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो. पृष्ठभागावरचे कार्बनचे अणू आणि हे रेणू यांच्यात क्षीण आकर्षण असते, तेवढे त्यांना पुरते. या क्रियेला अधिशोषण म्हणतात. स्पंज पाणी आपल्यात भरून घेतो, ते शोषण. चिकट कागदावर माशा बसतात, तसे अधिशोषण. कोळशाचा हा गुण टोबियास लोवित्स या रसायनशास्त्रज्ञाला रशियात १७८५ मध्ये आढळला. टार्टारिक आम्लाचे तपकिरी झालेले द्रावण त्याने कोळशाच्या साहाय्याने रंगहीन केले.

अधिशोषण पृष्ठभागावर होते, म्हणून पृष्ठभाग जितका जास्त तितके काम जास्त. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याचे १ मिलिमीटर बाजूचे हजार घन केले, तर एकूण पृष्ठभाग ६० चौरस सेंटिमीटर होतो. अगदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी बारीक भुकटी केली, तरी तो ६ चौरस मीटरच होतो. म्हणजे नुसते कुटून फारसे साधत नाही. पृष्ठभाग वाढवायचा तर कोळसा आतून पोखरला पाहिजे.

करवंटीपासून सक्रिय कोळसा

लाकूड किंवा नारळाची करवंटी अपुऱ्या हवेत तापवली, की बाष्पशील पदार्थ निघून जातात आणि कोळसा उरतो. वनस्पतीच्या मूळ रचनेमुळे त्यात छिद्रे असतात, पण बरीचशी डांबरासारख्या पदार्थांनी बुजलेली. हा कोळसा सुमारे ८०० ते १००० अंश सेल्सिअस तापमानाला नेऊन त्यावरून पाण्याची वाफ सोडतात. वाफ आणि कार्बन यांच्या अभिक्रियेतून कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन हे वायू तयार होऊन निघून जातात. ज्या जागेचा कार्बन गेला तिथे पोकळी राहते. बुजलेली छिद्रे उघडतात, नवी तयार होतात. अशा प्रकारच्या कृतींची एकस्वे राफाएल फॉन ओस्ट्रेको याने १९००–०१ च्या सुमारास घेतली. आपण कोळसा गमावतो आणि पृष्ठभाग कमावतो.

हाच सक्रिय कोळसा. त्याच्या १ ग्रॅममध्ये सुमारे १००० चौरस मीटर पृष्ठभाग असू शकतो. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. अशी सात मैदाने चिमूटभर कोळशात मावतात!

छिद्रांचा आकारही महत्त्वाचा. करवंटीच्या कोळशातली बहुतेक छिद्रे २ नॅनोमीटरपेक्षा लहान, म्हणून तो वायू आणि लहान रेणूंसाठी चांगला. लाकडाच्या कोळशातली छिद्रे त्याहून मोठी असल्याने रंगाचे मोठे रेणू तो चांगले धरतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मन सैन्याने बेल्जियममधील ईप्र येथे क्लोरीन वायू सोडला. त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्की याने कोळशाचा मुखवटा तयार केला. १९१८ मध्ये तर अमेरिकेत पीच फळांच्या आठळ्या आणि कवची फळांची टरफले मुखवट्यांच्या कोळशासाठी लोकांकडून गोळा केली गेली.

आज उसाचे चिपाड, भाताचे तूस यांपासून असा कोळसा करण्यावर संशोधन चालते. विद्युतभार साठवणाऱ्या महाधारित्रांतही त्याचाच विस्तीर्ण पृष्ठभाग उपयोगी पडतो.

कोळसा काय करत नाही?

मीठ, पाण्याचा जडपणा आणि नायट्रेट यांना तो फारसा अडवत नाही. तो जंतूही मारत नाही. उलट त्यावर साचलेल्या सेंद्रिय द्रव्यांवर जंतू वाढू शकतात. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून घातलेला क्लोरीन कोळसा काढून टाकतो, त्यामुळे गाळून साठवलेल्या पाण्याला ते संरक्षण उरत नाही. सगळी जागा भरली, की त्याचे काम थांबते, आणि बाहेरून पाहून हे कळत नाही.

करून पाहा

मिथिलीन ब्लूचे अगदी फिकट द्रावण दोन चंचुपात्रांत घ्या. एकात चुलीतल्या कोळशाची भुकटी आणि दुसऱ्यात तेवढ्याच वजनाची सक्रिय कोळशाची भुकटी घाला. असा कोळसा शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतो. अधूनमधून ढवळून वीस मिनिटांनी गाळणकागदातून गाळा आणि रंगांची तुलना करा. तिसऱ्या पात्रात मिठाचे पाणी घेऊन त्यात सक्रिय कोळसा घाला, गाळा आणि बाष्पनपात्रात आटवा. तळाशी काय उरले?

यानंतर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर वर्ग स्वतःच देईल. मग शाळेच्या जलशुद्धीकरण यंत्राकडे मुलांना घेऊन जा. त्यातला कोळसा शेवटचा कधी बदलला, याची नोंद तिथे आहे का, हे त्यांनाच शोधू द्या.