चेहऱ्याची आग : उपयोगी मलम कोणते, घातक ट्यूब कोणती?

वस्तीत आरोग्य तपासणी असली की रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन यांबद्दल सगळे मोकळेपणाने विचारतात. चेहऱ्याचे दुखणे मात्र भगिनी अगदी शेवटी, हळू आवाजात सांगतात. "सिस्टर, तोंडाची नुसती आग होते. चुलीपुढे बसवत नाही. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की बरं वाटतं, सोडली की दुप्पट उठतं." ही तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. हिच्यामागे पुष्कळदा दोनपैकी एक कारण असते. एक म्हणजे रोझेशिया नावाचा त्वचेचा आजार. दुसरे म्हणजे ती ट्यूबच. कधी कधी दोन्ही एकत्र असतात.

रोझेशिया म्हणजे काय?

या आजारात गाल, नाक, कपाळाचा मध्य आणि हनुवटी येथील बारीक रक्तवाहिन्या वारंवार फुगतात. चेहरा गरम होतो, चुरचुरतो, लाल होतो. पुढे मुरुमांसारख्या पुटकुळ्या येतात. मुरुमांत काळे ठिपके, म्हणजे ब्लॅकहेड, असतात. रोझेशियात ते नसतात. आजार बहुधा तिशीनंतर दिसतो. काहींच्या डोळ्यांतही तो उतरतो. डोळे लाल होतात, वाळू गेल्यासारखे खुपतात.

पुस्तकांतील चित्रे बहुतेक गोऱ्या कातडीची असतात. आपल्या सावळ्या चेहऱ्यावर लाली तशी उठून दिसत नाही. त्यामुळे "उष्णता आहे", "पित्त उठलंय", "मुरुम आहेत" असे म्हणून वर्षे निघून जातात. म्हणून रंगापेक्षा लक्षणांकडे पाहावे. ऊन, चुलीची धग, पत्र्याच्या घरातला उकाडा, कडक गरम चहा, झणझणीत तिखट, दारू किंवा मनावरचा ताण यांनंतर चेहरा तापत असेल, साबण लावताच झोंबत असेल, तर रोझेशियाचा विचार करावा.

हा आजार संसर्गजन्य नाही. तो अस्वच्छतेने होत नाही. एकाच्या टॉवेलने दुसऱ्याला लागत नाही.

लगेच गुण देणारी ट्यूब

खाज-गजकर्णावर म्हणून, किंवा गोरे होण्यासाठी म्हणून ज्या ट्यूब सर्रास विकल्या जातात, त्यांतल्या अनेकांमध्ये स्टेरॉईड असते. स्टेरॉईड रक्तवाहिन्या आवळते. म्हणून दोन-तीन दिवसांत लाली जाते, चेहरा उजळ वाटतो आणि ट्यूब गुणकारी ठरते. मग ती शेजारणीला, नणंदेला, लग्नाला आलेल्या मुलीला सुचवली जाते.

काही आठवड्यांनी उलटे चक्र सुरू होते. कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, काहींना चेहऱ्यावर लव वाढते. ट्यूब बंद केली की आग भडकते. पुन्हा लावली की शमते. बाईला वाटते ट्यूब चांगली आहे, आजारच वाईट आहे. प्रत्यक्षात त्वचेला ट्यूबची सवय लागलेली असते. ज्यांना मुळात रोझेशिया नव्हता, त्यांचाही चेहरा असा दिसू लागतो.

देशातील अनेक केंद्रांवर त्वचारोगतज्ज्ञांनी केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉईड लावत होते. त्यांतील निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरने नव्हे, इतरांनीच सुचवले होते. दर दहांतील नऊ जणांना त्याचा अपाय झाला होता. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉईड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. तरीही ती काउंटरवर मिळतात, हे वस्तीतील प्रत्येकाला ठाऊक आहे.

घरातली ट्यूब आजच पाहा. शाळेत जाणाऱ्या मुलाला बारीक अक्षरे वाचायला लावा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एकही नाव असेल, तर ती ट्यूब स्वतःच्या मनाने चेहऱ्याला लावायची नाही.

महिनोन्महिने लावत असाल, तर डॉक्टरांना भेटून ती सोडा. ते हळूहळू कमी करतील किंवा बंद करून दुसरे औषध देतील. सोडल्यावर पहिले काही आठवडे आग वाढू शकते. त्या काळात घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळू नका.

मग उपयोगी मलम कोणते?

रोझेशियावर प्रामुख्याने तीन मलमे वापरली जातात. कोणते द्यायचे ते डॉक्टर ठरवतील, पण नावे आपल्याला माहीत असावीत.

मेट्रोनिडाझोल : जुलाबावर ज्याच्या गोळ्या देतात तेच औषध, पण चेहऱ्यासाठी जेल किंवा क्रीमच्या रूपात. ०.७५ टक्क्याचे दिवसातून दोनदा, १ टक्क्याचे एकदा लावतात.

अ‍ॅझेलेक अ‍ॅसिड : १५ टक्क्याचे जेल, दिवसातून दोनदा. पुटकुळ्यांबरोबर मागे राहणारे काळे डागही कमी करते, म्हणून सावळ्या त्वचेला सोयीचे. सुरुवातीला थोडे झोंबते.

आयव्हरमेक्टिन : १ टक्क्याचे क्रीम, दिवसातून एकदा. चेहऱ्याच्या छिद्रांत राहणाऱ्या डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्यांवर आणि दाहावर ते काम करते. हे किडे सर्वांच्याच त्वचेवर असतात, रोझेशियात त्यांची संख्या वाढलेली आढळते.

यांतले सर्वांत चांगले कोणते? ९६२ रुग्णांवर १६ आठवडे केलेल्या तुलनेत आयव्हरमेक्टिनने पुटकुळ्या ८३ टक्के, तर मेट्रोनिडाझोलने सुमारे ७४ टक्के कमी झाल्या. फरक आहे, पण एक मलम परवडत नाही म्हणून उपचारच सोडावा इतका मोठा नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, "परवडेल ते जेनेरिक लिहून द्या." जनऔषधी दुकानातही विचारावे.

मेट्रोनिडाझोल किंवा आयव्हरमेक्टिनची गोळी कुटून चेहऱ्याला मात्र लावू नका. मलम वेगळ्या पद्धतीने बनवलेले असते.

लावायचे कसे?

साध्या, कोमट पाण्याने तोंड धुवा. घासू नका, मऊ कापडाने टिपा. दहा मिनिटे थांबून वाटाण्याएवढे मलम घ्या आणि त्रास होणाऱ्या पूर्ण भागावर पातळ पसरा. फक्त पुटकुळीवर ठिपका देऊन भागत नाही. डोळ्यांत आणि ओठांवर जाऊ देऊ नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. ही मलमे दोन दिवसांत गुण देत नाहीत. साधारण चार आठवड्यांनी फरक जाणवू लागतो, चांगला परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. "पंधरा दिवस लावलं, काही झालं नाही" असे म्हणून अनेक भगिनी योग्य औषध फेकतात आणि स्टेरॉईडकडे परततात. पहिल्या दिवशी मोबाईलवर चेहऱ्याचा फोटो काढून ठेवा आणि दर महिन्याला त्याच उजेडात दुसरा काढा. आरशात न दिसणारा फरक फोटोत दिसतो.

पुटकुळ्या आणि दाह या मलमांनी कमी होतो. कायमच्या फुगलेल्या शिरा त्यांनी जात नाहीत. आजार पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून बरे वाटल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर मलम चालू ठेवावे.

मलमाइतकेच गरजेचे

उन्हात जाताना छत्री, सुती रुमाल किंवा पदर घ्यावा. जमल्यास एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावावे. चुलीपासून चेहरा दूर ठेवावा, धूर आणि वाफ जायला वाट ठेवावी. चहा थोडा निवू द्यावा. लिंबू, टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, स्क्रब, ब्लीच चेहऱ्याला लावू नये.

डॉक्टरकडे कधी?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाची ओपीडी असते. जाताना वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. गर्भवती किंवा अंगावर पाजणाऱ्या असाल तर आधी सांगा. डोळे दुखत असतील किंवा अंधुक दिसत असेल, तर थांबू नका. गालांवरील लालीबरोबर सांधेदुखी, ताप, तोंडात फोड असतील, किंवा चेहऱ्यावरचा चट्टा बधिर वाटत असेल, तर तो रोझेशिया नसून दुसरा आजार असू शकतो. लगेच तपासून घ्या.

एक गोष्ट आम्ही प्रत्येक घरात सांगतो. सावळा रंग हा आजार नाही, त्याला औषध लागत नाही. आग होणारा चेहरा मात्र आजारी आहे आणि त्याला औषध आहे. लग्न ठरले म्हणून कोणी मुलीच्या हातात गोरेपणाची ट्यूब देत असेल, तर ती आधी वाचून पाहा आणि स्टेरॉईड असेल तर तिथेच थांबवा.