छोट्या विमानतळावरील जागरूक नजर

मोठ्या विमानतळावर प्रवाशांची झडती होते, सामान क्ष-किरण यंत्रातून जाते आणि केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा सशस्त्र पहारा असतो. वैमानिक प्रशिक्षण संस्थेच्या धावपट्टीवरील चित्र निराळे असते. तेथे दोन-चार आसनी विमाने बहुधा उघड्यावर उभी असतात आणि माणसे मोजकी असतात. त्यामुळे प्रशिक्षक, तंत्रज्ञ, इंधन भरणारे कर्मचारी व पहारेकरी यांची सरावलेली नजर हीच सुरक्षेची पहिली फळी ठरते.

या नजरेचे मोल ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात दिसून आले. झकेरियास मुसावी याने लहान विमानांवर पन्नासहून अधिक तास सराव केला होता. तरीही तो एकट्याने उड्डाण करण्याइतका तयार झाला नव्हता. अशा विद्यार्थ्याला बोइंग ७४७ चे सिम्युलेटर प्रशिक्षण हवे होते आणि शुल्काची मोठी रक्कम त्याने रोखीने भरली. ही विसंगती खटकल्याने प्रशिक्षण संस्थेतून एफबीआयला कळविण्यात आले. १६ ऑगस्ट रोजी इमिग्रेशन नियमांच्या भंगावरून त्याला ताब्यात घेतले गेले. प्रशिक्षकांनी आपले काम चोख केले होते. पुढचा तपास मात्र ११ सप्टेंबरपूर्वी तडीस गेला नाही.

धोका बाहेरूनच येतो असे नाही. जानेवारी २००२ मध्ये फ्लोरिडात पंधरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याला उड्डाणपूर्व तपासणीसाठी विमानाजवळ पाठविले असता तो एकटाच सेसना १७२ घेऊन उडाला आणि टँपा शहरातील उंच इमारतीवर आदळून मरण पावला. विद्यार्थी ओळखीचा असला, तरी विमानाची किल्ली प्रशिक्षकाच्या ताब्यातच असावी, हे त्यातून उघड झाले.

त्याच वर्षी अमेरिकेतील विमानमालक व वैमानिकांच्या संघटनेने शासनाच्या सहकार्याने विमानतळ-निगराणीचा उपक्रम हाती घेतला. त्यात लक्ष द्यावयाच्या खुणा साध्याच आहेत: ओळखपत्र दाखविण्यास टाळाटाळ, विमानाचे दार वा कुलूप बळाने उघडण्याचा प्रयत्न, विमानात केलेले अनाकलनीय फेरफार, वैमानिकी परिभाषेचा चुकीचा वापर, किंवा दुसऱ्याच्या दडपणाखाली वावरणारा वैमानिक. यांपैकी कोणतीही खूण वेषावर, भाषेवर किंवा धर्मावर आधारलेली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

संशय आल्यास प्रथम अंतर राखावे. धोका दिसत नसेल तर ‘काही मदत हवी आहे का?’ एवढे सौजन्याने विचारणे पुष्कळदा पुरते. खऱ्या पाहुण्याला त्याचा राग येत नाही. उत्तर पटले नाही, तर वाद घालू नये व अडविण्याचे धाडस करू नये. भारतात अशा वेळी संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्यास आणि पोलिसांना ११२ क्रमांकावर कळवावे. नागरी विमान सुरक्षेचे नियमन करणारा ब्यूरो १९८७ पासून स्वतंत्र विभाग आहे. पण आडवळणाच्या धावपट्टीवर सर्वप्रथम पोहोचतात ते स्थानिक पोलीसच. त्यांना व्यक्तीचे वर्णन, वेळ, वाहनाचा क्रमांक, विमानाचा रंग आणि भारतीय विमान असल्यास ‘व्हीटी’नंतरची तीन नोंदणी अक्षरे सांगता आली, तर शोध लगेच सुरू करता येतो.